एका रात्रीत होणारा रस्ता

मोठा नेता गेल्याची बातमी टीव्हीवर येते आणि त्याच्या गावात सगळ्यांत आधी पोहोचतो तो बांधकाम खात्याचा रोलर. पाठोपाठ मुरमाचे डंपर, पाण्याचा टँकर, बांबू-बल्ल्यांनी भरलेला टेम्पो, मंडपवाला, जनरेटर. हेलिकॉप्टर उतरायचे असेल तर कुणाचे तरी खोडव्याचे नाहीतर हरभऱ्याचे रान सपाट होते, त्यावर चुन्याने गोल आखून मधोमध ‘एच’ काढला जातो. गवंडी विटांचा चौथरा रचायला घेतात. लांबी आठेक फूट, रुंदी चारेक, उंची कमरेला लागेल एवढी. वर वाळूचा थर, कारण नुसत्या सिमेंटवर चिता पेटवली तर गिलावा तडतडत उडतो. वीज मंडळाची माणसे खांबावर चढलेली असतात. आदल्या दिवसापर्यंत जिथून बैलगाडी वाकडी होत जात होती, तिथून पहाटे मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा जाऊ शकतो.

एरवी हाच रस्ता करायचा तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी वरात निघते आणि दोन पावसाळे उलटतात. एका रात्रीत रस्ता होऊ शकतो हे त्या रात्री सगळ्या गावाने पाहिलेले असते. प्रश्न एवढाच, की तो जातो कुठे?

बहुतेक वेळा तो कारखान्याच्या माळावर जातो, शाळेच्या मैदानावर जातो, नदीकाठच्या मोकळ्या जागेत नाहीतर घराण्याच्या शेतात जातो. गावच्या स्मशानात जात नाही. माझे म्हणणे असे आहे की तो तिथेच गेला पाहिजे. नेत्याचे दहन असो वा दफन, ते त्याच्या गावच्या ठरलेल्या जागेतच व्हावे. खूण म्हणून एक गुंठ्याच्या आत बसेल एवढाच दगड असावा. आणि त्या निमित्ताने सरकारी यंत्रणा जे काही एका रात्रीत करते ते सगळे स्मशानाच्या वाट्याला यावे.

हे बोलायला सातारा आणि सांगली ही जोडी बरी. मुळात हा एकच जिल्हा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्याने राज्याला इतकी माणसे पुरवली की नेत्यांच्या शेवटच्या जागांचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे सगळे इथे पाहायला मिळतात.

पहिला प्रकार कराडचा. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत गेले आणि त्यांची समाधी झाली प्रीतिसंगमावर, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तिथे. दरवर्षी २५ नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे लोक तिथे डोके टेकवून जातात. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि दुसऱ्याच दिवशी शरद पवार आले ते थेट याच जागी. आपण कुणाचे वारस, हे सांगायला मुंबईतली पत्रकार परिषद पुरत नाही, त्यासाठी प्रीतिसंगम लागतो. समाधीचे हे राजकीय काम आहे आणि ते मला गैर वाटत नाही. प्रीतिसंगम जिवंत राहिला त्याचे कारण मात्र राजकारणात नाही. तो शहराला लागून आहे. सकाळी फिरायला येणारे, संध्याकाळी मुलांना घेऊन बसणारे, घाटावर विधी करणारे यांची रोज ये-जा असते. समाधीची फरशी कुठे निखळली तर ती बघायला माणूस वर्षभर थांबत नाही.

त्या जागेची एक अडचण आहे, ती नदीकाठच्या सगळ्याच समाध्यांची आहे. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ज्या कोयना धरणाचे बांधकाम चालू होते, त्याच धरणाचे दरवाजे मोठ्या पावसात उचलले की पाणी प्रीतिसंगमाच्या पायऱ्या चढू लागते. खाली सांगलीत कृष्णाकाठी वसंतदादा पाटलांची समाधी आहे. दादा १ मार्च १९८९ रोजी गेले. सांगलीत पाणी मोजतात ते आयर्विन पुलाशी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्यावेळी काठावरच्या बांधकामांचे काय झाले असेल हे सांगलीकरांना सांगायला नको.

नदीकाठची ही हौस जुनी आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या आहेत. थोरल्या शाहू महाराजांची आहे, महाराणी ताराबाईंची आहे, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही दाखवतात. ज्या बाईने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज घेतली तिची समाधी पात्रातल्या वाळूत आणि गाळात हरवत राहिली. राजघराण्याच्या समाधीला नदीने दयामाया दाखवली नाही, तिथे ग्रॅनाइटच्या फरशीचे काय घेऊन बसलात?

दुसरा प्रकार वाळव्याचा. क्रांतिसिंह नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ रोजी गेले. प्रतिसरकारचे नेते, १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून खासदार. त्यांचे अंत्यसंस्कार वाळव्यात झाले, आणि ते त्यांच्या इच्छेनुसार. जन्मगावही नाही, मतदारसंघाची राजधानीही नाही. ज्या गावाने भूमिगत काळात साथ दिली ते गाव. माणसाने आपली शेवटची जागा स्वतः निवडावी ती अशी, आणि निवड जिवंतपणी सांगून ठेवावी. कारण न सांगता गेलेल्या नेत्याच्या बाबतीत काय होते? घरचे शोकात, आणि जागेचा निर्णय होतो तो रात्री अकरा वाजता तालुक्यातल्या पाच-सहा कार्यकर्त्यांत. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच हिशोब असतो : गर्दी कुठे मावेल?

तिसरा प्रकार अलीकडचा. आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले. तासगाव तालुक्यातल्या अंजनीत, त्यांच्याच गावी, ‘निर्मलस्थळ’ आहे. पतंगराव कदम ९ मार्च २०१८ रोजी गेले. कडेगाव तालुक्यात वांगीला, सोनहिरा कारखान्याच्या परिसरात, त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि तिथे ‘लोकतीर्थ’ उभे राहिले. ५ सप्टेंबर २०२४ रोजी राहुल गांधींच्या हस्ते तिथल्या पुतळ्याचे अनावरण झाले. जिल्ह्याबाहेर पाहिले तर लातूरजवळ बाभळगावला विलासराव देशमुखांची ‘विलासबाग’, परळीजवळ पांगरीला गोपीनाथ मुंडेंचा ‘गोपीनाथगड’. नावे नीट वाचा. स्थळ, तीर्थ, बाग, गड. स्मशान हा शब्द कुणालाच नको आहे.

शब्दाचा हा संकोच वरवरचा नाही. आपल्या परंपरेत समाधी असते ती संन्याशाची. त्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात. लिंगायत समाजात आजही तशीच रीत आहे. ज्याचे दहन झाले त्याच्या अस्थी तिसऱ्या दिवशी सावडून नदीत जातात, राखही जाते. मागे उरते ती फक्त भाजलेली जमीन. म्हणजे आपण ज्याला नेत्याची समाधी म्हणतो तिच्याखाली बहुधा काहीच नसते. ते दहनस्थळ आहे. मग ते चार एकर कशाला हवे? मुसलमान नेत्याच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उभा राहत नाही. बॅरिस्टर अंतुले माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय मंत्री. डिसेंबर २०१४ मध्ये ते गेले आणि रायगड जिल्ह्यातल्या आंबेत या आपल्या गावच्या मातीत गेले. दफनाला साडेसहा फुटांची जागा लागते. दहनाला तर त्यानंतर तेवढीही लागत नाही.

आता जमिनीचे. कारखान्याची जमीन चेअरमनची नसते, सभासदांची असते. तिथे अंत्यसंस्कार होतात ते संचालकांच्या तोंडी होकारावर, आणि ठराव नंतर कधीतरी वार्षिक सभेत ‘आयत्या वेळच्या विषयात’ उरकला जातो. त्या क्षणी विरोध कोण करणार? पण कारखाने कायमचे नसतात. भाडेपट्ट्याने जातात, कर्ज थकले की बँक ताबा घेते, लिलाव होतो. त्या दिवशी समाधी कुणाच्या हद्दीत, तिच्याकडे जायची वाट कुणाच्या गेटातून, आणि पुण्यतिथीला गेट उघडायचे की नाही हे ठरवणारा मालक कोण? कागदावर वेगळा गट पाडून, मोजणी करून, वाटेचा हक्क सात-बाराच्या ‘इतर हक्कांत’ नोंदवून घेतला नसेल तर या तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही. नोंद करायला भावना लागत नाही, मोजणीची फी आणि तलाठ्याकडे दोन हेलपाटे लागतात. म्हणूनच बहुधा ती राहून जाते.

गायरानाचे आणखी अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, आणि त्यानंतर गायरान दुसऱ्या कामाला देणे फार आवळले गेले. स्मशानाची जागा मात्र जमीन महसूल कायद्यातच बसते. कलम २२ खाली जिल्हाधिकारी सरकारी जमीन दहन-दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. गट नंबरात स्मशान असेल तर ते क्षेत्र पोटखराब ‘ब’ मध्ये, म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेले म्हणून दाखवले जाते. नेत्याचे दहन तिथे केले तर नवी जागा नको, वर्ग बदलायला नको, परवानगीही नको. ठरलेल्या जागेबाहेर करायचे म्हटले की हे सगळे लागते, आणि वेळ नसल्यामुळे सगळे तोंडी होते.

आणि काय बिघडते ते पाहा. ज्या मुरमावर चिता रचली तो रात्रीत टाकलेला, दोन वेळा रोलर फिरवलेला भराव. त्यावरच चौथरा पक्का करतात, कारण ‘जागा हीच’. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चौथऱ्याचा एक कोपरा बसतो. मग वरची ग्रॅनाइट फरशी सांध्यात उघडते. उभ्या बाजूची फरशी नुसत्या सिमेंट लगद्यावर चिकटवलेली असते, मागून पितळी नाहीतर स्टीलचे आकडे दिलेले नसतात. सांध्यातून पाणी मागे शिरते आणि एक दिवस फरशी सुटून पडते. पितळी अक्षरे चोरीला जातात, तीही एकेक करून, त्यामुळे काही काळ नाव अर्धेच वाचता येते. कारंजाच्या पंपात पहिल्याच पावसाळ्यात गाळ जातो.

हिरवळ हे तर दुष्काळी तालुक्यातले सोंग आहे. हिरवळीला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे रोज २० हजार लिटर. दहा हजारी टँकरच्या दोन खेपा, रोज. आटपाडी नाहीतर जतसारख्या तालुक्यात जिथे माणसांसाठी टँकरची यादी निघते, तिथे हा हिशोब कुणी मोठ्याने वाचून दाखवावा. दिव्यांचेही तसेच : ५० वॅटचे २० दिवे रात्री दहा तास जळले की दिवसाला दहा युनिट, महिन्याला ३००. पहिल्या वर्षी बिल ट्रस्ट भरतो, मग कारखाना, मग ग्रामपंचायतीला पत्र येते. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणारी ग्रामपंचायत ते कशातून भरणार?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात काय बसते? भरपूर बसते. काळी माती काढून कठीण मुरूम लागेपर्यंत खोदायचे, सहा-सहा इंचाच्या थरांत मुरूम पाणी मारून धुम्मस करायचा, वर दगडी जोते. जोत्यावर आपल्याच भागातला काळा पाषाण, एकसंध, निदान सहा इंच जाडीचा. चिकटवलेली फरशी नको. अक्षरे दगडात कोरलेली, तीन-चार मिलिमीटर खोल, म्हणजे ती चोरता येत नाहीत आणि गाळ बसला तरी झाडून वाचता येतात. एक सावलीचे झाड, पण जोत्यापासून वीस फूट लांब; वड-पिंपळ जवळ लावला तर वीस वर्षांनी मुळे जोते उचलतात. बांधकाम वर्षश्राद्धाआधी करू नये. निदान एक पावसाळा भरावावरून जाऊ द्यावा, तो बसू द्यावा. घाई असते ती पहिल्या पुण्यतिथीला पाहुणे येणार म्हणून.

आणि जागा निळ्या पूररेषेच्या बाहेर. जलसंपदा खात्याने नद्यांना दोन रेषा मारलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध आहे. घर बांधायला निघालेल्या माणसाला ही रेषा लगेच दाखवली जाते, स्मारकाच्या नकाशावर ती कशी काय पुसट होते कोण जाणे.

गावच्या स्मशानात काय हवे असते, तेही सांगतो. यादी छोटी आहे आणि म्हणूनच तिची लाज वाटते. बारमाही रस्ता, तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना गटार. गटार नसले तर मुरूम पहिल्याच वळवात वाहून जातो. एक शेड, छत निदान पंधरा फूट उंच, कारण छत खाली असले की पत्रे भाजून, गंजून पाच-सहा वर्षांत चाळणी होतात आणि काँक्रीटचा स्लॅब असेल तर तापून पापुद्रे सुटतात, आतल्या सळ्या उघड्या पडतात. चितेचा चौथरा साध्या विटेचा नव्हे, भट्टीला वापरतात त्या अग्निविटेचा. लोखंडी दाहिनीच्या कांबी बिडाच्या; साध्या सळ्या दहा-वीस दहनांत खाली वाकतात. पाण्याची टाकी. आणि सर्वांत महत्त्वाचे, लाकडाची बंदिस्त खोली. एका चितेला आठ-दहा मण, म्हणजे ३०० ते ४०० किलो लाकूड लागते, शिवाय शेणी. पावसाळ्यात लाकूड ओले मिळाले की डिझेल ओतावे लागते, जुने टायर घालावे लागतात. चार-सहा तासांत व्हायचे ते रात्रभर धुमसते, आणि घरची माणसे छत्र्या धरून उभी. हे दरवर्षी होते. ज्या तालुक्यात एखाद्याच्या स्मारकाला दगडी कमान आहे त्याच तालुक्यात होते.

स्मशानाची वाट ओढ्यातून जाणारी गावे अजून आहेत. पावसाळ्यात तिरडी डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून न्यावी लागते, त्याचे फोटो दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये छापून येतात. फोटो तोच, गावाचे नाव वेगळे.

याच्याही पुढे एक गोष्ट आहे, ती बोलायला लोक कचरतात. कित्येक गावांत स्मशाने जातवार आहेत. वरच्या अंगाला एक, ओढ्यापलीकडे दुसरे, गावकुसाबाहेर तिसरे. दलित वस्तीच्या स्मशानाची जागा अनेक ठिकाणी सात-बारावर नोंदलेलीच नसते. शेजारच्या शेतकऱ्याने बांध सरकवला की वाद उभा राहतो आणि प्रेत तहसीलसमोर येते. ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ महाराष्ट्राला माहीत आहे, एक गाव एक स्मशान अजून फार थोड्या गावांनी करून दाखवले. नेता आयुष्यभर अठरापगड जातींचा म्हणवून घेतो. त्याची चिता गावाच्या सामाईक स्मशानात पेटली, आणि त्या दिवसापासून ते स्मशान सगळ्यांचे आहे असा ठराव ग्रामसभेने केला, तर ते दोन पुतळ्यांपेक्षा मोठे काम होईल. घराण्याच्या खासगी रानात पेटलेली चिता हा प्रश्न टाळून जाते. कधी कधी वाटते, ती त्यासाठीच तिथे पेटते.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, गर्दी. लाखभर माणूस स्मशानात मावणार कसा? नाही मावणार, आणि मावायची गरजही नाही. अंत्यदर्शन मैदानात ठेवा. शासकीय इतमाम, पोलिसांचा बँड, हवेत झाडायच्या तीन फैरी, श्रद्धांजलीची भाषणे, सगळे तिथे होऊ द्या. तिरंगा तसाही चितेवर जात नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तो आधी काढून, घडी करून घ्यावाच लागतो. म्हणजे विधीचे दोन भाग मुळात आहेतच. मैदानावरचा भाग राज्याचा, पुढचा भाग घरच्यांचा आणि गावाचा. पुढच्या भागाला दोनशे माणसे पुरतात.

दुसरा आक्षेप, स्मशानात दर्शनाला कोण जाणार, बायका-मुले कशी जाणार? याला उत्तर मुंबईत आहे. डॉ. आंबेडकरांचे दहन ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर झाले. तिथल्या चैत्यभूमीला लागूनच दादरचे स्मशान आजही चालू आहे. ६ डिसेंबरला लाखो माणसे, लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसे येतात. शेजारी धूर दिसतो म्हणून कुणी परत गेल्याचे ऐकिवात नाही. जागा झाडलेली असली, पाणी असले, बसायला सावली असली की माणसे स्मशानालाही बिचकत नाहीत.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. लोकांची भावना. एखाद्याने आयुष्यभर कमावलेले प्रेम एक गुंठ्यात कोंबायचे अधिकार तुम्हाला कुणी दिले? इथे दिल्लीकडे बघावे. यमुनेच्या काठी पंतप्रधानांच्या समाध्यांनी इतकी जागा घेतली की २०१३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाला ठरवावे लागले : यापुढे वेगवेगळ्या समाध्या नाहीत, राष्ट्रीय स्मृतिस्थळ हे एकच सामाईक ठिकाण. वाजपेयींचे दहन २०१८ साली तिथेच झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मनमोहन सिंगांचे निगमबोध घाटावर, म्हणजे दिल्लीकरांच्या रोजच्या स्मशानात झाले. त्यावर वाद झाला, मान राखला नाही असे त्यांच्या पक्षाने म्हटले. मला मात्र तो प्रसंग उलटा दिसतो. ज्या घाटावर दिल्लीतला रिक्षावाला जातो तिथेच दहा वर्षे पंतप्रधान असलेला माणूस गेला, यात कमीपणा कुठला? कमीपणा असेलच तर तो अशा घाटांची अवस्था बघितल्यावर दिसणाऱ्या कारभाराचा.

भावनेला वाट हवी असेल तर ती नोंदीत द्यावी. आज परिस्थिती अशी आहे की दोन-चार मोठी नावे सोडली तर बाकीच्यांचे कुठे काय झाले हे सांगणारा कागद नाही. १९६२ च्या विधानसभेत २६४ आमदार होते. त्यांतल्या आपल्या जिल्ह्यातल्यांची नावे कदाचित मिळतील. दहन कुठल्या गावी, कुठल्या घाटावर, हे विचारले की म्हातारी माणसे शोधावी लागतात, आणि ती संपत आली आहेत. यशवंतरावांचेच घ्या. जन्म देवराष्ट्र्याचा, ते आज सांगली जिल्ह्यात. समाधी कराडची, ते सातारा जिल्ह्यात. जिल्हावार पुस्तक काढले तर ते अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

जिल्हा परिषदेने एक नोंदवही ठेवावी. आमदार-खासदारच नव्हे, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती, पंचवीस वर्षे बिनविरोध राहिलेला सरपंच, सगळे त्यात यावेत. रकाने फार नकोत : नाव, पदे आणि त्यांची वर्षे, जन्म-मृत्यूच्या तारखा, दहन की दफन, गाव आणि गट नंबर, जमीन कुणाच्या नावे, खूण आहे की नाही, असल्यास देखभाल कुणाकडे. मृत्यू जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत मृत्युनोंद होतेच; त्यातून तारीख पक्की करता येते, घरच्यांच्या सांगण्यावर अवलंबून राहायला नको. पुण्यतिथीचा फलक आणि मृत्युदाखला यांत एक दिवसाचा फरक सर्रास सापडतो, कारण फलकावर कित्येकदा अंत्यसंस्काराचीच तारीख येते.

दगडावरही हेच कोरावे. आपल्या समाध्यांवर काय असते? ‘लोकनेते’, ‘भाग्यविधाते’, ‘सहकारमहर्षी’, आणि नाव. माणूस कोणत्या खात्याचा मंत्री होता, किती साल ते किती साल, कोणती निवडणूक हरला, हे काही नाही. पन्नास वर्षांनी येणाऱ्या पोराला महर्षी कोण आणि का, हे कळणार कसे? दोन विशेषणे कमी करून चार सनावळ्या घातल्या तर दगड तेवढाच लागतो.

रक्षाविसर्जन सहसा तिसऱ्या दिवशी असते. तोवर रोलर, डंपर आणि शाखा अभियंता गावातच असतात; राख नदीकडे गेली की सगळे परत जातात आणि मग वर्षभर फोन लागत नाही. म्हणजे हातात साधारण साठ तास असतात. मंडपाचे माप घ्यायला माणसे मैदानावर धावतात, तेव्हाच सरपंचाने नाहीतर ग्रामसेवकाने एक काम करावे : रोलरवाल्याला हाताला धरून ओढ्याकडे न्यावे. उतारावर ९०० मिलिमीटरच्या सिमेंट नळ्यांच्या दोन ओळी, अंगावर निदान दीड फूट भर, दोन्ही तोंडांना दगडी भिंत, वर मुरूम. तिरडी कोरड्या पायाने पलीकडे जाते.